सह्यप्रकाश कंपनीचे आठ घोडे

शहापुरात विजेच्या कंपनीचा पहिला शेअर घेतला तो मी. दुसरा घेतला तोही मीच, कारण एकट्या शेअराला घरात करमणार नाही असे माझ्या मेव्हण्याचे मत पडले. हे आरंभीच सांगून टाकतो. कारण आमच्या गल्लीतले कल्लाप्पा सूतवाले हल्ली न्हाव्यापुढे मान देऊन बसले की, ‘पहिला शेअर माझा’ असे सांगतात. वस्तरा गळ्याशी असताना माणूस खोटे बोलत नाही असा लोकांचा समज आहे, म्हणून त्यांचे खपते. कल्लाप्पांचा शेअर सातवा.

जर्मनची लढाई नुकतीच संपली होती. लढाईत ज्यांनी तंबाखू विकली त्यांच्याकडे पैसा झाला होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हते. माझा मेव्हणा भावकू निपाणीला तंबाखूची दलाली करी. मी बेळगावच्या इंग्रजी कचेरीत कारकून. आमच्या विणकऱ्यांच्या घराण्यात मागाच्या खड्ड्यात पाय न सोडता खुर्चीवर बसणारा पहिला पुरुष मीच, आणि ही गोष्ट मी लोकांना विसरू देत नसे. असा मी एका रविवारी घराच्या पुढच्या सोप्यात वर्तमानपत्र वाचत बसलो असता भावकू निपाणीहून आला. त्याच्या आधी त्याच्या कोटाचा वास आला.

“दाजी,” तो म्हणाला, “तंबाखूला पाऊस लागतोय, ऊन लागतंय, वखार लागत्या. शेअरला काय लागतंय? कागुद! त्योबी छापून येतोय.”

“कसला शेअर?” मी विचारले.

“विजेचा. सह्यप्रकाश विद्युत व यंत्रमाग कंपनी. निपाणीत लोक जेवान सोडून भाव इचारालेत. आज संध्याकाळी नाडगीर साहेबांचं व्याख्यान हाय, चला.”

नाडगीर साहेब म्हणजे कंपनीचे मुख्य चालक. गोरेपान, सोनेरी चष्मा, आणि बोलताना हात असे हलवत की वीज तिथूनच निघते की काय असे वाटावे. देवळाच्या मंडपात सगळे शहापूर आणि अर्धे वडगाव लोटले होते. साहेबांनी कापसात गुंडाळलेला एक काचेचा दिवा पेटीतून काढला आणि सर्वांना पाहायला फिरवला. तो हातोहात फिरून परत येईपर्यंत त्याला हळद-कुंकू लागले होते.

आमच्या शेजारच्या जयाबाई दोन हातमाग चालवून पोट भरणाऱ्या. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, तोंडाने फटकळ, हाताने सफाईदार. त्या उभ्या राहिल्या.

“साहेब, ह्यात त्याल कुठनं घालायचं?”

“तेल नको, वात नको, काडी नको!” साहेब गरजले.

“मग ह्यो पेटतोय कशानं?”

“विजेनं!”

“व्हय, पर ती वीज कुठं हाय?”

“येणार आहे!”

या ‘येणार आहे’ला जी टाळी पडली तशी टाळी मी नाटकातसुद्धा ऐकलेली नाही. पुढे साहेबांनी सांगितले की घरोघर दिवे येतीलच, पण विजेवर चालणारे मागही येतील. बाईने नुसते बटण दाबायचे आणि साडी विणून बाहेर. त्या दिवशी मी दोन शेअर घेतले. घरी येऊन मंडळींना, म्हणजे राजाबाईला, ते दाखवले. तिने हात धुऊन, पदराला पुसून, ते उलटसुलट पाहिले.

“चितार झ्याक हाय,” ती म्हणाली. शेअरावर उगवत्या सूर्याचे चित्र होते. “दिवा कवा लागणार?”

“दिव्याचं काय घेऊन बसलीस? भाव बघ!”

आणि भाव खरोखर बघण्यासारखाच होता. शहापूरचा शेअरबाजार म्हणजे कल्लाप्पांच्या सूताच्या दुकानाचा कट्टा. भावकू आठवड्याला मोटारीने निपाणीहून यायचा, कट्ट्यावर बसून भाव सांगायचा, आणि आम्ही ऐकून उठेपर्यंत तो भाव जुना झालेला असायचा. विलायतेत इंजिनाची मागणी नोंदवली असे कळले, भाव चढला. बोटीत जागा मिळत नाही म्हणून इंजिन रखडले असे कळले, भाव आणखी चढला. कारण ज्या मालासाठी बोटी पुरत नाहीत तो माल काय मोलाचा असेल! नाडगीर साहेबांनी स्वतःसाठी मोटार घेतली तेव्हा तर भाव दुप्पट झाला. या विषयावर मी त्या वेळी पुष्कळ विचार केला होता आणि माझा सिद्धांत असा होता: ज्या कंपन्या काही करतात त्यांना काय जमते ते कधी ना कधी उघडे पडते. आमच्या कंपनीने अजून काहीच केले नसल्यामुळे तिच्या हातून काय काय होईल याला मर्यादाच नव्हती.

कचेरीत अव्वल कारकून मला ‘या, बसा’ म्हणू लागले. गल्लीत मी सुबरावचा ‘शेअरआप्पा’ झालो. सल्ला विचारायला माणसे सोप्यात बसू लागली आणि चहाची पूड संपू लागली. कल्लाप्पांनी तर सूत उधार देणे बंद करून शेअर घेतले. जयाबाईंनी शेअरासाठी दोन मागांपैकी एक विकायला काढला.

“जयाक्का, माग विकताय?” मी जरा दचकलोच.

“मग काय तर! बटनाचा येणार म्हणताय न्हवं? दोन्ही ठिवून जागा कशाला अडवू?”

‘विकू नका’ म्हणणे म्हणजे कंपनीवर अविश्वास दाखवणे झाले असते. शिवाय त्याच दिवशी कंपनीने मला स्थानिक सल्लागार मंडळाचा सभासद केले होते. मंडळात मी एकटाच होतो, पण मंडळ ते मंडळ.

मग खांब आला.

लोक विचारू लागले होते की कंपनीचे काही डोळ्यांना दिसेल का. म्हणून नाडगीर साहेबांनी एक लोखंडी खांब पाठवला. तो कुठे उभारायचा हे सल्लागार मंडळावर सोपवले होते. मंडळाने साधकबाधक विचार करून तो स्वतःच्या दारासमोर उभारायचे ठरवले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी शहापूर संस्थानात होते आणि बेळगाव इंग्रजांकडे. आमची गल्ली दोघांच्या शिवेवर, आणि शीव म्हणजे माझ्या दारासमोरचे गटार. खड्डा खणायला घेतला आणि संस्थानचे मोजणीदार आले. म्हणाले, खांब आमच्या हद्दीत, दरबारची परवानगी आणा. मी म्हटले, मग गटारापलीकडे लावतो. पलीकडून इंग्रजी ओव्हरसियर आले. म्हणाले, खांब आमच्याकडे आणि उजेड संस्थानात, असा उजेड बाहेर नेता येणार नाही. मी म्हटले, उजेड अजून आलेलाच नाही. ते म्हणाले, आल्यावर तो आमचे ऐकणार नाही, म्हणून आधीच बंदोबस्त हवा.

दोन सरकारांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि खांब माझ्या दारात आडवा पडून राहिला. त्याला कुणी म्हैस बांधली. कुणी त्यावर सूत वाळत घातले. कल्लाप्पांनी सल्ला दिला की खांब अर्धा कापून दोन्हीकडे एकेक लावावा. येणारा-जाणारा अडखळून पडला की सह्यप्रकाश कंपनीला नव्हे, मला शिव्या देई. सल्लागार मंडळाने त्या सर्व नोंदवून घेतल्या.

अखेर परवानगी आली. गटारावर दगडी फरशी टाकून, खांबाचा बुंधा फरशीच्या नेमक्या मध्यावर, म्हणजे कुठल्याच सरकारात नाही असा, उभा करण्यात आला. वाजंत्री लावली होती. खांब उभा राहिला तेव्हा माझा ऊर असा भरून आला की मला शिंक आली. तार नव्हती, दिवा नव्हता, पण आख्ख्या शहापुरात दुसऱ्या कुणाच्या दारात खांब नव्हता.

तिन्हीसांजेला लोक त्याच्यावर आपटू लागले. पडलेल्या खांबाला अडखळायचे, उभ्याला आपटायचे, एवढाच फरक. दोघांची कपाळे फुटल्यावर राजाबाई घरातला रॉकेलचा कंदील घेऊन गेली आणि खांबाच्या आकड्याला अडकवून आली.

“अगं, कंपनीच्या खांबावर रॉकेल?” मी ओरडलो. “काय शोभा करालीस?”

“शोभा ऱ्हाऊ द्या. तेंचं डोस्कं ऱ्हाऊ द्या जाग्यावर.”

त्या रात्री वडगावहून येणाऱ्या कुणीतरी लांबून पाहिले. सकाळच्या मोटारीने बातमी निपाणीला गेली: शहापुरात खांबावर दिवा लागला! दुपारपर्यंत भाव असा काही उसळला की भावकू भाड्याची मोटार करून धावत आला. कंदील पाहिल्यावर तो फरशीवर बसला.

“दाजी, ह्यो दिवा?”

“हाच.”

त्याने इकडेतिकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, “तेवढा ऱ्हाऊ द्या. कुणाला सांगू नका.”

राजाबाईच्या त्या एका कंदिलाने जेवढा भाव चढवला, तेवढा नाडगीर साहेबांच्या मोटारीलाही चढवता आला नव्हता. आमच्या घराण्याच्या कर्तबगारीत मी हेही मोजतो.

पुढच्या पावसाळ्यात हुंडणावळीचे भाव फिरले. रुपया विलायतेत स्वस्त झाला, तिकडची यंत्रे इकडे महाग झाली. शेअर घेताना आम्ही निम्मेच पैसे भरले होते; नाडगीर साहेबांनी आता उरलेले मागितले. ज्यांना शेअर म्हणजे घेण्याची वस्तू वाटत होती त्यांना ती देण्याचीही वस्तू आहे हे तेव्हा कळले. मुंबईच्या मोठमोठ्या कंपन्या गडगडू लागल्या. साहेब हवापालटाला गेले, आणि हवा इतकी मानवली की परत आले नाहीत. एके दिवशी कट्ट्यावर भावकूने कुठलाच भाव सांगितला नाही. नुसता तपकीर ओढत बसला. शेअर पडला असे लोक म्हणतात. पडलेली वस्तू निदान खाली सापडते. हा कुठे गेला ते कुणालाच सापडले नाही.

अव्वल कारकुनांनी ‘बसा’ म्हणणे बंद केले. गल्ली माझ्या सोप्यात जमली. कल्लाप्पा म्हणाले, “मी तवाच म्हणत होतो, खांब अर्धा कापा म्हणून!” दोघेतिघे चढ्या आवाजात बोलले. मी सगळ्यांना उत्तरे दिली, कारण शेअरआप्पा म्हणवून घेतल्यावर दार लावून बसणे मला शोभले नसते. सगळ्यांत शेवटी जयाबाई आल्या.

त्या खांबाला टेकून बसल्या. “आप्पा, भांडायला न्हाय आलो मी. माग गेला त्यो गेला. पर कंपनीकडं कायतरी शिल्लक असंलच की. खुर्ची, टेबल? एक खुर्ची तेवढी आनून द्या. बसायला तरी हुईल.”

इतर लोकांच्या शिव्या मी पचवल्या होत्या, पण ही खुर्ची मला फार लागली. मी, आमच्या घराण्यातला पहिला खुर्चीवाला, आणि माझ्या शब्दावर माग विकलेल्या बाईने माझ्याकडे खुर्ची मागावी! 

बेळगावात कंपनी गुंडाळण्याची सभा भरली. सरकारने नेमलेल्या वकिलांनी हिशेब वाचून दाखवला. देणी फारशी नव्हती, कारण कंपनीने काही केलेच नव्हते. मालमत्ता म्हणून थोडे सामान, एक खांब, आणि बेळगाव स्टेशनच्या मालधक्क्यावर येऊन पडलेले एक तेलावरचे इंजिन. त्याच्याबरोबर यायचे वीज तयार करणारे यंत्र विलायतेहून निघालेच नव्हते.

“हे इंजिन कुणाला नको आहे,” वकील म्हणाले. “धक्क्याचे भाडे रोज चढते आहे. भंगारात काढावे लागेल.”

मी उभा राहिलो. सभेत मी आयुष्यात बोललो नव्हतो. इंग्रजीत बोलावे म्हणून ‘सर, आय बेग टू’ अशी सुरुवात केली, पण कचेरीत अर्ज लिहून लिहून पुढे अर्जाच्या शेवटचे ‘रिमेन’ एवढेच सुचले. मग मी मराठीत सांगितले, “शहापूरच्या भागीदारांना पैसे नकोत. इंजिन द्या.”

सभा हसली. “त्याचं काय कराल?” वकिलांनी विचारले.

“ते आमचं आम्ही बघू. आमचं आहे ना?”

वकिलांनी यादीतल्या इंजिनावर रेघ ओढली. मग म्हणाले, “भाडं भरा, शेअर परत करा, घेऊन जा.”

गणपतीची वर्गणी द्यायला जी माणसे पुढचा गणपती उजाडवतात, त्यांनी त्या आठवड्यात भाड्याची वर्गणी भरली. ती माझ्या शब्दाखातर होती असे मला वाटते. राजाबाईचे म्हणणे, ती जयाबाई दारोदार फिरल्या म्हणून होती. भावकूने निपाणीहून तंबाखूचे बोद, म्हणजे गठ्ठे, वाहणारी थोरली बैलगाडी आणि दोन बैलजोड्या आणल्या, आणि शरमेने स्वतः पुढे चालला. मालधक्क्यावर इंजिन गाडीत चढवताना चाक असे करकरले की हमालांनी देवाचे नाव घेतले.

संस्थानच्या जकात नाक्यावर आम्हाला अडवले.

“काय हाय गाडीत?” नाकेदारांनी विचारले.

“इंजिन.”

त्यांनी दरपत्रक वरपासून खालपर्यंत पाहिले. गूळ होता, मिरची होती, इंजिन नव्हते. मग ते गाडीत चढले आणि इंजिनाला लावलेली पितळी पट्टी निरखू लागले. “ह्यावर काय लिहिलंय?”

मी अभिमानाने वाचून दाखवले. “आठ घोड्यांची ताकद.”

“आठ घोडे!” त्यांचा चेहरा उजळला. “मग असं सांगा की! घोड्याला जकात हाय. आठांची काढा.”

“अवो, घोडं कुठं हायत?” भावकू कळवळला.

“आत.”

मागे गाड्यांची रांग लागली. बैल खाली बसू लागले. मिरचीवाला, गूळवाला, सगळे सल्ले द्यायला उतरले. एकजण म्हणाला, चारच घोडे कबूल करा. मी कारकून आहे. सरकारी माणसाशी सरकारी बोलीतच बोलावे लागते हे मला ठाऊक. मी कोटाची बटणे लावली.

“नाकेदार साहेब, हे घोडे चारा खातात का?”

“न्हाय.”

“चालतात?”

“न्हाय.”

“श्वास?”

त्यांनी इंजिनाला कान लावला. “न्हाय.”

“मग घोडे मेलेले आहेत. मेलेल्या जनावरावर जकात कुठल्या कलमाखाली घेता?”

नाकेदारांनी पुन्हा दरपत्रक पाहिले. मेलेले जनावर जकातमुक्त होते. “पर मेलेलं जनावर गावात न्यायला बंदी हाय,” ते हळूच म्हणाले.

“आमी तेस्नी जित्तं करायलाच न्हेतोय!” गाडीमागून चालत आलेल्या जयाबाई ओरडल्या. मिरचीवाला हसला, मग नाकेदार हसले, आणि दांडी वर गेली.

जिवंत करणे मात्र सोपे नव्हते. खांबाच्या बाजूला पत्र्याचे छप्पर घालून इंजिन बसवले. चाक फिरवायला आख्खी गल्ली आळीपाळीने लागली. इंजिन एकदा खोकले, काळा धूर कल्लाप्पांच्या धोतरावर टाकला आणि गप्प झाले. शेवटी कापसाच्या कारखान्यातला एक फिटर रोजाने आणला. त्याने चार दिवस ते खोलले, पुसले, जोडले, आणि पाचव्या दिवशी दुपारी ते ‘फट् फट् फट्’ करत सुरू झाले. कोपऱ्यावरची म्हैस दावे तोडून पळाली. भावकू चक्क रडला.

टाळ्या संपल्यावर प्रश्न उरला. वीज तर नाही. मग हे फटफटते कशासाठी?

“आप्पा,” जयाबाई म्हणाल्या, “दिवा न्हाय तर न्हाय. चक्की बसवा. पहाटे उठून जोंधळं दळताना आमच्या खांद्याचं काय हुतंय ते तुमास्नी कुनी सांगितलंय का?”

मला कुणीही सांगितले नव्हते. मी राजाबाईकडे पाहिले. ती खांदा चोळत उभी होती.

दगड आणले, पट्टा चढवला. आमच्या भागातली अशी पहिली चक्की. कल्लाप्पांनी गावभर सांगितले की इंजिनाचे पीठ उष्ण पडते आणि भाकरी थापताना फाटते. पहिल्या दिवशी वडगावच्या बायका नुसत्या बघायला आल्या. दुसऱ्या दिवशी जोंधळ्याने भरलेल्या बुट्ट्या घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी रांग गटार ओलांडून इंग्रजांच्या राज्यात गेली. जयाबाई चक्कीवर बसल्या, वजन-माप त्यांचे, आणि त्यांच्याशी हुज्जत घालायची दोन्ही सरकारांची छाती नव्हती. कल्लाप्पांचे जोंधळे रांगेत कितव्या नंबरावर होते हे मी सांगत नाही, पण होते.

राजाबाई बुट्टी घेऊन आली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली. बायका म्हणाल्या, “अवो मालकीणबाई, पुढं जावा की!”

“मालकीण कसली? भागीदार हाय मी,” ती म्हणाली. “नंबरानं येतो.”

मला कचेरीला उशीर होत होता, तरी मी तिची बुट्टी धरून शेवटपर्यंत तिथेच उभा राहिलो. ऊन ऊन पीठ पन्हाळीतून पडू लागले तेव्हा तिने त्यात मनगटापर्यंत हात घातला. मी वाकून पाहायला गेलो आणि डोक्यापासून खाली पांढरा झालो. ती पदराने झटकायला निघाली. मी मागे सरकलो.

“राहू दे,” म्हटले आणि तसाच बेळगावकडे चालू लागलो. टिळा लावून देवळातून निघावे तसा.

कचेरीत अव्वल कारकुनांनी चष्म्यावरून पाहिले. “सुबराव, कोटावर हे काय सांडलंय?”

“सांडलेलं नाही साहेब,” मी म्हणालो. “डिव्हिडंड.”

त्यांनी एकदा माझ्या कोटाकडे पाहिले, एकदा माझ्या तोंडाकडे, आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली. मी बसलो नाही. बसलो असतो तर थोडे झटकले गेले असते.